‘गर्भाशय दिसत नाही’ या एका ओळीनंतर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. लेक साडेसोळा वर्षांची, अकरावीत. उंची, छाती, अंगावरचे केस सगळं वयाप्रमाणे, पण पाळी आलेली नाही. तालुक्याला सोनोग्राफी केली, रिपोर्टात एकच ओळ: ‘गर्भाशय दिसत नाही’. एका डॉक्टरांनी पाळी आणायच्या गोळ्या दिल्या, तीन महिने घेऊन काही झालं नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, सोयरीक जुळायच्या आत योनीमार्ग तयार करायचं ऑपरेशन उरकून घ्या. त्यातच मुलीच्या आत्याला दोन गर्भपातांनंतर नळ्यांच्या एक्स-रेवरून ‘पिशवी दुशिंगी आहे’ असं कळलं. म्हणून हे घराण्यात आहे का, की सातव्या महिन्यात ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली, त्याचं हे फळ, असंही तुम्ही विचारता.

ग्रहणापासून सुरुवात करते, कारण ते मनातून गेल्याशिवाय बाकीचं तुमच्या कानावरून जाईल. गर्भाशयाची घडण पोटातल्या बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. पिशवी मुळात तयार होणार की नाही हे बाराव्या आठवड्यापर्यंत ठरलेलं असतं, पाचव्या महिन्यापर्यंत उरलंसुरलं कामही आटोपतं. तुम्ही सातव्या महिन्यात विळी हातात घेतलीत तेव्हा या गोष्टीला चार महिने उलटून गेले होते. पाळलं असतंत तरी फरक पडला नसता. सासरी कोणी बोलत असेल तर हा आठवड्यांचा हिशोब त्यांना जरूर ऐकवा.

ही घडण थोडी समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलीच्या पोटात उजवी-डावीकडे एकेक नळी तयार होते. १८३० मध्ये योहान्स म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं म्हणून त्या म्युलरच्या नळ्या. दोन्ही खाली उतरत मध्यरेषेवर येतात, एकमेकींना चिकटतात आणि मग मधली भिंत विरून जाते. वरची सुटी राहिलेली टोकं म्हणजे बीजवाहिन्या. जोडलेल्या भागाचं गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनीमार्गाचा वरचा हिस्सा होतो. योनीमार्गाचा खालचा हिस्सा वेगळ्याच उगमातून वर चढतो आणि वरच्याला येऊन मिळतो. आता यात काय काय राहून जाऊ शकतं बघा. नळ्या वाढल्याच नाहीत, तर पिशवी नाही. एकच वाढली, तर अर्धी पिशवी. दोन्ही वाढल्या पण जुळल्या नाहीत, तर दोन पिशव्या, किंवा वरून दुभंगलेली एक. जुळल्या पण भिंत विरली नाही, तर आत पडदा. आणि खालचा-वरचा रस्ता मिळाला नाही, तर पिशवी शाबूत पण बाहेर यायची वाट बंद. बीजांडकोश मात्र निराळ्या ठिकाणाहून येतात, त्यामुळे पिशवी नसली तरी ते बहुतेकदा ठणठणीत असतात. किडन्या या नळ्यांच्या शेजारी वाढतात, म्हणून शेजाऱ्याचं बिनसलं की त्यांचंही अनेकदा बिनसतं. पिशवीचा दोष दिसला की किडन्या पाहायच्याच, हे आम्ही शिकाऊ डॉक्टरांच्या डोक्यात बसवतो.

घराण्याचं म्हणाल तर बहुतेक वेळा हे तुरळक, एकट्यादुकट्यालाच होतं. काही घरांत एकापेक्षा जास्त जणींना असतं, पण आई-बाप पाहून भाकीत करता येईल असं ते नाही. पिशवीच्या आकारात लहानमोठा फरक शंभरातल्या पाच-सहा बायकांत सापडतो, त्यामुळे आत्या आणि भाची दोघींत काही निघणं हा योगायोगही असू शकतो.

आता लेकीकडे वळते. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ हे दोन वेगळे शब्द आहेत. शरीरात स्त्री-हॉर्मोन कमी असेल तर पिशवी असूनही बोटाच्या पेराएवढी लहान राहते, आणि मूत्राशय नीट भरलेलं नसेल, हात सरावाचा नसेल, तर नजरेतून सुटते. टर्नर सिंड्रोमसारख्या, बीजांडकोश न चालणाऱ्या मुलींच्या हातात असे रिपोर्ट मी पाहिलेत. हॉर्मोन सुरू केल्यावर काही महिन्यांत तीच ‘नसलेली’ पिशवी वाढली, पाळीही आली. तुमच्या लेकीची छाती वयाप्रमाणे वाढलेली आहे, म्हणजे तिच्या शरीरात स्त्री-हॉर्मोन तयार होतंय. त्यामुळे तिच्या बाबतीत पिशवी खरोखरच नसण्याची शक्यता जास्त. तरी ते सिद्ध करायला हवं, आणि त्यासाठी फार काही लागत नाही.

मी पहिल्यांदा मुलीशी बोलते, थोडा वेळ आईला बाहेर बसवून. दर महिन्याला पोटात कळा येतात का, लघवी तुंबते का, मांडीच्या सांध्यात कधी गाठ किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, ऐकू नीट येतं का, पाठीच्या कण्याला बाक आहे का. मग तपासणी. लग्न न झालेल्या मुलीची आतून तपासणी करायची गरज नसते. चांगल्या उजेडात, तिच्या संमतीने, फक्त बाहेरून पाहिलं तरी खूप कळतं. पोटावरून सोनोग्राफी, मूत्राशय भरलेलं, किडन्यांसकट. रक्तात एफएसएच, म्हणजे बीजांडकोशांना चालना देणारं हॉर्मोन, आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन, आणि गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप. शेवटी ओटीपोटाचा एमआरआय. तो मात्र ज्या रेडिओलॉजिस्टला या विषयाची सवय आहे त्याने वाचलेला हवा. कारण ‘पिशवी नाही’ म्हटलेल्या मुलींतही अनेकदा दोन बाजूंना छोटे अवशेष असतात, आणि त्यांतल्या एखाद्यात अस्तर जिवंत असेल तर दर महिन्याला दुखतं.

कॅरिओटाइप कशासाठी, असं नातेवाईक नेहमी विचारतात. पिशवी नसण्याची दोन मुख्य कारणं बाहेरून एकमेकांसारखी दिसतात. पहिलं एमआरकेएच. मायर, रोकिटान्स्की, क्यूस्टर आणि हाऊझर या चौघांच्या नावांवरून ते आलंय. साधारण साडेचार-पाच हजार मुलींत एकीला असतं. गुणसूत्रं ४६ एक्सएक्स (बायकांत असतात तशी), बीजांडकोश उत्तम, काखेत आणि खाली केस नेहमीसारखे, पिशवी नाही आणि योनीमार्ग एखाद्या खळगीएवढा. दुसरं कारण अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी: गुणसूत्रं ४६ एक्सवाय (पुरुषांत असतात तशी), पण शरीर पुरुषी हॉर्मोनला दादच देत नाही. छाती छान वाढलेली, केस मात्र विरळ किंवा नाहीतच, टेस्टोस्टेरॉन मुलग्याच्या पातळीचं, पोटात किंवा जांघेत वृषणग्रंथी. त्या ग्रंथींत वय वाढेल तसा कर्करोगाचा थोडा धोका असतो, म्हणून त्या केव्हा काढायच्या याचा वेगळा विचार लागतो. तुम्ही लिहिलंय की केस वयाप्रमाणे आहेत, त्यावरून माझा कल एमआरकेएचकडे आहे. पण कल म्हणजे निदान नव्हे, रक्त तपासूनच बोलू.

पाळी आणायच्या गोळ्यांबद्दल आता तुमच्या लक्षात आलंच असेल. जिथून रक्त यायचं ती पिशवीच नसेल तर गोळ्या काय आणणार? त्यांनी नुकसान झालेलं नाही, तीन महिने आणि थोडी आशा वाया गेली एवढंच. तिचं स्वतःचं हॉर्मोन भरपूर आहे, बाहेरून द्यायचं काही कारण नाही.

आता ऑपरेशन. इथे माझं मत ठाम आहे. इतक्या वर्षांच्या दवाखान्यात मी एक उलटा प्रकार सतत पाहत आलेय. जिथे घाई करायला हवी तिथे लोक पेनकिलर देऊन घरी बसतात, आणि जिथे काडीची घाई नाही तिथे मुहूर्त काढून ऑपरेशन उरकतात.

घाई कुठे, ते आधी सांगते. पाळी आलेली नाही पण दर महिन्याला चार दिवस मुलगी पोट धरून गडाबडा लोळते, तिथे. पिशवी आहे, रक्त तयार होतंय, बाहेर यायची वाट बंद आहे. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे योनिपटलाला, म्हणजे योनीच्या तोंडावरच्या पातळ पडद्याला, छिद्रच नसणं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, ओटीपोटात गोळा, आणि पुष्कळदा पहिली तक्रार ‘लघवी अडली’ ही. लघवीला नळी घालतात, बरं वाटतं, पुढच्या महिन्यात परत तेच. अपेंडिक्स काढून झालेल्या मुलीही माझ्याकडे आल्यात, कारण पोटावर हात ठेवला तरी खाली नजर टाकायला सगळेच संकोचले. खाली पाहिलं की निळसर फुगवटा दिसतो, एका मिनिटात निदान. थिएटरमध्ये, भूल देऊन, व्यवस्थित छेद घ्यायचा, साचलेलं काळपट घट्ट रक्त वाहू द्यायचं, कडा टाके घालून मोकळ्या ठेवायच्या. सुई घालून ‘थोडं काढून बघू’ असं कधीही करू नये. रक्त पूर्ण निघत नाही आणि जंतू मात्र आत शिरतात.

आता माझी स्वतःची चूक सांगते. नवी होते, हातात जोर होता. अशीच कळांनी हैराण झालेली मुलगी आली. फुगवटा निळसर नव्हता, खालचा मार्ग दोन बोटं मोकळा होता, पडदा वर होता. मी त्याला योनिपटलच समजले आणि छेद दिला. रक्त आलं, मुलगी शांत झोपली, आईने पेढे दिले. चार महिन्यांनी ती तापाने फणफणून आली. छेद आवळून बंद झाला होता, आत पू झाला होता. तो आडवा पडदा होता, योनीमार्गाचा खालचा आणि वरचा हिस्सा न मिळाल्यामुळे राहिलेला. त्याला नुसता छेद पुरत नाही. तो किती जाड आहे, किती उंचीवर आहे हे एमआरआयवर मोजायचं, पडदा पूर्ण काढायचा, वरची आणि खालची त्वचा एकमेकींना आणून टाके घालायचे, आणि नंतर मार्ग आवळू नये म्हणून डायलेटर, म्हणजे मार्ग रुंद ठेवणारं गुळगुळीत नळकांडं, वापरायचा. दुसऱ्या वेळी व्रणातून वाट काढावी लागली, माझ्या सरांनी केलं, मी शेजारी उभी राहून पाहिलं. तेव्हापासून निळा फुगवटा डोळ्यांनी दिसला नाही तर एमआरआय झाल्याशिवाय मी सुरी उचलत नाही. मुलीला दुखत असेल तर हॉर्मोन देऊन पाळी काही काळ थांबवता येते. ती सवड घ्या, नीट नकाशा काढा, मग जिथे हे काम नेहमी होतं अशा ठिकाणी पाठवा. गर्भाशयमुखच नसण्याचा प्रकार तर आणखी नाजूक आहे. तिथे नवा मार्ग बंद पडून वारंवार पू होण्याची आणि जंतुसंसर्ग जिवावर बेतण्याची भीती असते. काही मुलींत पिशवी काढणंच सुरक्षित ठरतं, काहींत पिशवी थेट योनीमार्गाला जोडता येते.

एक फसवा प्रकार आवर्जून सांगते. दोन पिशव्या, दोन योनीमार्ग, आणि त्यांतला एक खालून बंद. दुसऱ्या बाजूने पाळी दर महिन्याला येते, म्हणून ‘पाळी येतेय ना, मग दुखणारच’ म्हणून घरचे आणि डॉक्टर दोघंही गप्प बसतात. दुखणं मात्र दर महिन्याला चढत जातं. ज्या बाजूचा मार्ग बंद, त्याच बाजूची किडनी जवळजवळ नेहमी नसते. लहानपणी कधी सोनोग्राफीत ‘एकच किडनी’ निघालेली मुलगी वयात आली आणि पाळीत लोळायला लागली, तर हे आधी मनात आणायचं. इलाज तुलनेने सोपा आहे: बंद बाजूचा उभा पडदा खालून काढायचा. पिशवीला हात लावायचा नाही.

तुमच्या लेकीला महिन्याच्या कळा नाहीत असं तुम्ही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तिच्याकडे वेळच वेळ आहे. एमआरकेएचमध्ये जिवाला धोका नाही, आत काही साचत नाही, थांबल्याने काही बिघडत नाही. योनीमार्ग तयार करायचा तो फक्त पुढे शरीरसंबंधासाठी. तो केव्हा आणि करायचा की नाही हे तिने ठरवायचं, सोयरिकीने नव्हे.

आणि करायचा झाला तरी पहिला पर्याय ऑपरेशन नाही. आहे ती खळगी डायलेटरच्या हलक्या दाबाने हळूहळू खोल करता येते. अमेरिकेतल्या फ्रँक या डॉक्टरांनी १९३८ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही जगभर तिलाच पहिलं स्थान आहे. गुळगुळीत नळकांड्यांचा संच असतो, लहान ते मोठा. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, जेली लावून, दाब मागच्या बाजूला देत, मूत्रमार्गाकडे नाही, दिवसातून एकदा-दोनदा पंधरा-वीस मिनिटं. काही महिने लागतात. मनापासून करणाऱ्या दहांपैकी नऊजणींना पुरेशी खोली मिळते. पण ‘मनापासून’ या शब्दात सगळं आलं. सोळाव्या वर्षी, आईने दारावर टकटक करत ‘केलंस का?’ विचारलं तर कोणतीच मुलगी करणार नाही. अठरा-वीसच्या पुढे, तिला स्वतःला हवंसं वाटेल तेव्हा, नीट शिकवणारी डॉक्टर किंवा नर्स सोबत असेल तेव्हा ते जमतं. बऱ्याच जणींना लग्नानंतर समंजस जोडीदाराबरोबर फार साधनांशिवायही जमलंय.

ते जमलं नाही, किंवा मुलगीच नको म्हणाली, तर शस्त्रक्रिया आहेत. मांडीची त्वचा साच्यावर गुंडाळून मार्ग करायची मॅकइंडोची पद्धत जुनी. आपल्याकडे त्वचेऐवजी वारेची पातळ पारदर्शक पिशवी, म्हणजे अ‍ॅम्निऑन, वापरायची चाल बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे मांडीवर डाग राहत नाही. दुर्बिणीतून पोटाचं आतलं अस्तर खाली ओढून करतात ती डेव्हिडोव्हची पद्धत. वेक्किएटीच्या पद्धतीत खळगीत एक मणी ठेवून पोटाकडून दोऱ्याने रोज थोडा थोडा ताण देतात, आठवड्याभरात खोली येते. आतड्याचा तुकडा वापरायचीही पद्धत आहे, पण त्यातून सतत चिकट स्राव येत राहतो, म्हणून मी ती मागे ठेवते. आणि जे कोणी सांगत नाही ते हे: या बहुतेक शस्त्रक्रियांनंतर महिनोन्महिने साचा किंवा डायलेटर वापरावाच लागतो, नाहीतर मार्ग आवळतो. म्हणजे जी मुलगी डायलेटर वापरायला तयार नाही तिला ‘मग ऑपरेशन करून टाकू’ म्हणणं फसवणूक आहे. लग्नाआधी घाईने ऑपरेशन केलेली, नंतर कुणी काही न समजावलेली आणि व्रणाने मार्ग बंद झालेली मुलगी तपासताना फार वाईट वाटतं, कारण अशा मुलीला पहिली आणि सोपी संधी दुसऱ्यांदा मिळत नाही.

लग्नाचं तुम्ही दोन ओळींत लिहिलंत, पण पत्राचं निम्मं वजन तिथेच आहे हे कळतं. लपवून लग्न लावू नका. हे मी नीतीचा पाठ म्हणून सांगत नाही. लपवलेली गोष्ट सहा महिन्यांत बाहेर आली आणि मुलगी माहेरी परत आली, असं डोळ्यांनी पाहिलंय. उलट आधी सांगून झालेली, टिकलेली लग्नंही पाहिलीत. आज सोळाव्या वर्षी तो विषय काढायचंच कारण नाही. तिची बारावी होऊ दे.

मुलाबद्दल. तिचे बीजांडकोश चांगले असतील तर तिच्या बीजापासून मूल होऊ शकतं, ते वाढवायला दुसरी कूस लागते. २०२१ च्या सरोगसी कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद केली, पण पिशवी नसणं हे सरोगसीचं मान्य वैद्यकीय कारण आहे. विवाहित जोडपं हवं, पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वयाचा, जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र हवं. सरोगेट २५ ते ३५ वयाची, विवाहित किंवा कधीकाळी विवाहित, स्वतःचं मूल असलेली, आणि आयुष्यात एकदाच. मार्च २०२३ मध्ये दात्याचं बीज वापरायला बंदी आली तेव्हा एमआरकेएच असलेल्याच एका स्त्रीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि तिला दिलासा मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला, आता वैद्यकीय कारण असेल तर जोडप्यापैकी एकाचं बीज दात्याचं चालतं. दुसरा रस्ता गर्भाशयाच्या प्रत्यारोपणाचा. स्वीडनमध्ये २०१४ साली अशा पिशवीतून जगातलं पहिलं बाळ जन्मलं, आणि ती आई एमआरकेएचचीच होती. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये पुण्यात झालं, २०१८ च्या ऑक्टोबरात तिथेच अशा पिशवीतून बाळही जन्मलं. मोठी शस्त्रक्रिया, देणारीलाही आणि घेणारीलाही, वर शरीराने पिशवी नाकारू नये म्हणून औषधं, बाळंतपण सिझेरियनने. मी अजून कोणाला ‘हेच करा’ म्हटलेलं नाही, पण हा पर्याय आहे हे सांगते. दत्तक आहेच, आणि माझ्या ओळखीतल्या अशा घरांपैकी बहुतेकांनी तोच घेतलाय.

लेकीला काय आणि कसं सांगायचं? खरं सांगायचं, आणि कुणीतरी बसून सांगायचं. तिच्या हातात मोबाइल आहे, रिपोर्टातली ओळ तिने शोधून झालेली असणार. मी अशा मुलींना सगळ्यात आधी सांगते की तू पूर्ण मुलगी आहेस, तुझं शरीर हॉर्मोन बनवतं, एक अवयव तयार झाला नाही. मग गप्प बसते. बहुतेकींचा पहिला प्रश्न मुलाबद्दल नसतो. ‘मैत्रिणी पॅड मागतात तेव्हा मी काय सांगू?’ असं एकीने विचारलं होतं. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, बॅगेत एक पॅड ठेवायचं, मागितलं की द्यायचं. समुपदेशक मिळाली तर जरूर भेटवा. आणि घरात चार बायकांत याची चर्चा करू नका, ही तिची खाजगी गोष्ट आहे.

आता आत्याबाई. नळ्यांच्या एक्स-रेवर ‘दुशिंगी’ हे निदान होऊच शकत नाही, हे मी स्पष्ट सांगते. त्या एक्स-रेत औषध पिशवीच्या पोकळीत भरतं, त्यामुळे फक्त आतला आकार दिसतो. वाटणी झालेला वाडा डोळ्यांसमोर आणा. आत उभं राहिलं तर मधे भिंत दिसते. पण छप्पर एकच आहे की दोन घरं शेजारी टेकलीत, हे बाहेर येऊन वर पाहिल्याशिवाय कळत नाही. पिशवीचा बाहेरचा माथा सपाट किंवा गोल असेल आणि आत भिंत असेल तर तो पडदा. माथ्यालाच एक सेंटिमीटरहून खोल खाच असेल तर पिशवी खरी दुशिंगी. आत दोन्ही सारख्याच दिसतात आणि उपचार अगदी विरुद्ध. पडदा गर्भाशयातल्या दुर्बिणीतून कात्रीने कापता येतो, पोट न उघडता. दुशिंगी पिशवीत तीच कात्री चालवली तर मधल्या खाचेतून थेट पोटात जाते. पूर्वी दुशिंगी पिशवीचे दोन भाग पोट उघडून जोडायचे, श्ट्रासमान यांच्या नावाची शस्त्रक्रिया. आता ती क्वचितच करतात, कारण अशा पिशवीत बहुतेकींची बाळं नीट होतात, फक्त दिवस आधी भरण्याकडे आणि बाळ पायाळू असण्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून आत्याबाईंना थ्री-डी सोनोग्राफी करायला सांगा, पाळीनंतरच्या पंधरवड्यात नव्हे, पुढच्या पाळीच्या आधीच्या आठवड्यात. तेव्हा अस्तर जाड असतं आणि आकार स्वच्छ दिसतो. तरुण बायकांत ही तपासणी योनीमार्गातून होते, दुखत नाही, किरणोत्सर्ग नाही. रिपोर्टात तीन गोष्टी मागा: बाहेरचा माथा कसा, पडद्याची खोली किती मिलिमीटर, आणि त्याच्या टोकाशी कोन किती. खोली एक सेंटिमीटरहून कमी आणि कोन रुंद असेल तर ती किंचित वाकलेली साधी पिशवी आहे, तिचं काही करायचं नाही. अशा पिशवीसाठीचा ‘आर्कुएट’ हा शब्द रिपोर्टात वाचून झोप उडालेल्या कितीतरी सुना मी परत पाठवल्यात. पोकळी इंग्रजी टी अक्षरासारखी दिसली तर आपल्याकडे जन्मदोषाआधी क्षयाचा विचार करायचा, तोही पिशवी अशीच आखडवतो.

खरोखर खोल पडदा निघाला तरी लगेच कापायचा का? वीस वर्षांपूर्वी मी डोळे झाकून ‘हो’ म्हटलं असतं. २०२१ मध्ये ट्रस्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, पडदा कापणं आणि न कापणं यांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना. जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण कापलेल्यांत ३१ टक्के, न कापलेल्यांत ३५. बायका ८०च होत्या, त्यामुळे तो शेवटचा शब्द नाही, पण माझा जुना आत्मविश्वास त्याने उतरवला. आता मी दोन गर्भपात झालेल्या बाईची थायरॉइड, साखर, रक्त गोठवणारी अँटिबॉडी, शक्य असेल तर दोघांची गुणसूत्रं आधी बघते. ती सगळी ठीक असून पडदा खोल असेल तर दोन्ही बाजू सांगून, तिची इच्छा असेल तर कापते. मूल राहायच्या आधी सहज तपासणीत सापडलेला पडदा कापायला मी हल्ली नकारच देते.

त्या सोनोग्राफीत एका बाजूची अर्धीच पिशवी आणि शेजारी छोटं शिंग निघालं तर मात्र थांबू नका. त्या शिंगात पोकळी आणि अस्तर असेल तर गर्भ तिथेही रुजू शकतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते फुटून बाई पांढरीफटक पडून आलेली मी पाहिली आहे. गोळ्या देऊन किंवा क्युरेटिंग करूनही गर्भ पडत नाही, तेव्हाही हे आठवावं. असं शिंग दिवस जायच्या आधी दुर्बिणीतून काढून टाकायचं. दोन पिशव्या असतील तर काही कापायचं नाही. फक्त तांबी बसवायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगायचं, नाहीतर एका पिशवीत तांबी आणि दुसरीत गर्भ अशी गत होते.

लेकीला घेऊन याल तेव्हा सोनोग्राफीचा कागद नको, फिल्म किंवा सीडी असेल तर ती आणा. पाणी पाजून, लघवी न करता आणा, म्हणजे मी स्वतः पुन्हा पाहीन, किडन्यांसकट. गोळ्या बंद करा. रक्ताच्या तपासण्या इथे आल्यावरच लिहून देईन. सकाळची शाळा बुडणार नाही असा शनिवार दुपारचा वेळ ठेवू, आणि तिला आधी विचारा की तिला यायचंय का.